कन्नमवार नगरातली चौदा मांजरं आणि एक नसबंदी केंद्र

आधी निकाल सांगते. ज्यांच्या जिन्यात आज रात्री बोके भांडतायत त्यांना माझी सगळी कहाणी वाचायला वेळ नसेल. भटक्या मांजरांची नसबंदी करणाऱ्या एका संस्थेच्या केंद्रात मी डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ या चार महिन्यांत तेरा मांजरं नेली. तेराच्या तेरा जिवंत, शुद्धीवर आणि कोरड्या जखमेनिशी बाहेर आली. त्यानंतर सव्वा वर्ष झालं, आमच्या इमारतीमागे एकही पिल्लू जन्मलेलं नाही. पाचपैकी चार गुण देते. एक का कापला ते पुढे येईलच.

केंद्राचं नाव लिहीत नाही. माझ्या दोन तक्रारी आहेत, त्या मी त्यांना समोर बसून सांगितल्या आहेत. त्या चव्हाट्यावर मांडून चार कष्टाळू माणसांचं काम अवघड करायचं नाही. शिवाय तुम्ही नागपूरला असाल नाहीतर पणजीला, तुमच्या जवळचं केंद्र वेगळंच असणार. तिथे काय बघायचं, काय विचारायचं, ते कळलं तर जास्त उपयोग.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. एकतीस वर्षांतली बावीस प्रसूती विभागात आणि उरलेली ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात राहते, वसाहतीत सगळे मला सिस्टर म्हणूनच ओळखतात. आमच्या इमारतीची मागची बाजू म्हणजे बंद पडलेले दोन टेम्पो, पाण्याची टाकी, मीटरची खोली आणि पलीकडे मासळी विकणाऱ्या मावशींची बसायची जागा. मांजरांना याहून वेगळं काय लागतं?

सुरुवात माझ्या एका चुकीने झाली, ती लिहायलाच हवी. २०२२ साली मनी नावाची एक भाटी, म्हणजे मादी मांजर, माझ्या दाराशी यायची. तिला मी एका खासगी दवाखान्यात नेलं, साडेचार हजार रुपये भरले, ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टरांनी विचारलं होतं, “भटकी आहे, डाव्या कानाचं टोक काढू ना?” मी नको म्हणाले. एवढा गोजिरवाणा कान कशाला कापायचा, असं मला वाटलं. पुढच्या वर्षी गणपतीच्या सुमारास शेजारच्या गल्लीत कुणीतरी शिबिरासाठी मांजरं पकडली. त्यात मनीही गेली. केस वाढलेले, जुना व्रण दिसेना, कानाला खूण नाही. त्यांनी तिचं पोट उघडलं आणि आत गर्भाशयच नव्हतं. मनी परत आली तेव्हा तिच्या कुशीवर नवी जखम होती आणि डाव्या कानाचं टोक कापलेलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. कानाच्या टोकाचा तो साधारण एक सेंटिमीटरचा तुकडा मांजर भुलेत असतानाच काढतात, कान लवकरच भरून येतो, आणि त्यानंतर जन्मभर लांबूनसुद्धा कळतं की हिला पुन्हा पकडायचं नाही. माझ्या मायेपायी मनीला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागलं. म्हणून केंद्रात विचारायचा पहिला प्रश्न हाच: कानाची खूण सरळ कापता का? नुसती खाच पाडली तर भांडणात फाटलेल्या कानासारखी दिसते. खूण सरळ रेषेत हवी.

त्याच दिवाळीनंतर सोसायटीची सभा झाली. जिन्यात बोक्यांच्या मुताचा वास येतो, रात्रभर रडारड चालते, दुचाकींच्या सीट फाटतात, अशा तक्रारी होत्या आणि त्या खऱ्या होत्या. कमिटीतल्या एकाने सुचवलं, पोत्यात भरून खाडीच्या बाजूला सोडून या. मी उभी राहिले. म्हटलं, दादा, जनावराला असं मरायला सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. (विष घालून मारलं तर आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.) पण कायदा बाजूला ठेवू. चौदा मांजरं उचलून नेली तरी मासळीची डोकी इथेच पडणार, टाकीखालची ऊबदार जागा इथेच राहणार. पलीकडच्या इमारतीतली मांजरं पंधरा दिवसांत इथे येतील, आणि त्यांची नसबंदी झालेली नसेल. हीच चौदा इथे राहिली आणि त्यांना पिल्लं झाली नाहीत, तर ती आपली जागा धरून बसतील.

सगळ्यांना पटलं असं नाही. पण सत्तावीस घरांनी दोनशे-दोनशे रुपये दिले. ज्यांनी पोत्याचं सुचवलं होतं त्यांनीही दिले.

मग मोजणी. ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. मी दोन आठवडे रोज संध्याकाळी बरोबर साडेसातला टाकीपाशी भात आणि मासळीचं पाणी ठेवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजातल्या मुलाने मोबाइलवर प्रत्येकीचा फोटो काढला. वहीत नाव, रंग, शेपटी, कान, दूध पाजते की नाही, असं सगळं लिहिलं. मनी सोडून चौदा निघाली, नऊ भाट्या आणि पाच बोके. काळा, पांढरा आणि तांबूस असे तीन रंग अंगावर असतील तर ती जवळजवळ नक्की मादी असते, कारण तो रंग लिंग ठरवणाऱ्या गुणसूत्रांशी बांधलेला आहे. आमची कबरी तशी. फार मोठं डोकं आणि गुबगुबीत गाल असतील तर तो नसबंदी न झालेला बोका.

केंद्राला फोन केला तेव्हा त्यांनीही हेच विचारलं: “किती आहेत, त्यात माद्या किती, पिल्लं पाजणाऱ्या किती?” मला तिथेच विश्वास वाटला. जे केंद्र फक्त “घेऊन या” म्हणतं त्याच्याशी जपून वागावं. तारीख मात्र एकोणीस दिवसांनी मिळाली. मंगळवार आणि शुक्रवार, एका वेळी चारच मांजरं.

खर्च सांगते, कारण हा प्रश्न सगळेच विचारतात. भाटीचे बाराशे, बोक्याचे नऊशे. त्यात रेबीजची लस, भूल, ऑपरेशन, वेदनेचं इंजेक्शन आणि भाटीला तीन रात्री, बोक्याला एक रात्र ठेवून घेणं. तीन पिंजऱ्यांची अनामत तीन हजार, ती परत मिळाली. एकूण चौदा हजार चारशे झाले. वर्गणीचे पाच हजार चारशे होते, बाकी मी आणि माझ्या बहिणीने घातले.

आता पिंजरा. तीन फुटांचा जाळीचा लांबट पिंजरा, पुढे वरून पडणारं दार, आत टोकाला पायपट्टी. मांजर खाणं घ्यायला आत गेलं, पट्टीवर पाय पडला की दार खाली. मागच्या बाजूला सरकतं दार असेल तरच घ्या, नाहीतर मांजर बाहेर काढताना हाताचे तुकडे होतात. दोन पिंजरे चांगले होते, तिसऱ्याचं दार अडखळत होतं. त्याला खोबरेल तेल लावलं तेव्हा कुठे नीट पडू लागलं. केंद्राने पिंजरे तपासून द्यायला हवे होते.

मांजर पिंजऱ्यात आणायची पद्धत आम्ही चुकत चुकत शिकलो. तीन दिवस दार वर बांधून ठेवायचं आणि खाणं पिंजऱ्याच्या आतच द्यायचं, म्हणजे भीती मोडते. तळाला वर्तमानपत्र अंथरायचं, जाळी पायाला टोचली की मांजर मागे फिरतं. पकडायच्या आदल्या संध्याकाळी कुणीही काही घालायचं नाही. हे सगळ्यात कठीण. पहिल्या मंगळवारच्या आधी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी गुपचूप दूधभात घातला आणि त्या रात्री एकही मांजर पिंजऱ्याकडे फिरकलं नाही. आजी मला म्हणाल्या, “अगं, भुकेने रडत होती गं ती.” मी त्यांना मनीची कुशी दाखवली. पुढच्या वेळी आजीच रात्री साडेदहापर्यंत गॅलरीत बसून कुणी खाणं टाकत नाही ना ते बघत होत्या.

आमिष म्हणून महागडे डबे आणू नका. भाजलेली सुकट आणि बांगड्याचं डोकं यांच्यापुढे सगळं फिकं. मावशींनी रोज डोकी बाजूला ठेवली, पैसे घेतले नाहीत.

दार पडलं की पहिल्या क्षणी पिंजऱ्यावर जुनी चादर टाकायची. जाळीवर उड्या मारणारं, नाक रक्ताळून घेणारं मांजर अंधार झाला की अर्ध्या मिनिटात शांत बसतं. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी तेरा वेळा पाहिलं आहे. आणि लावलेला पिंजरा सोडून कुणीही घरी जायचं नाही. आम्ही पाळीपाळीने मीटरच्या खोलीशी बसलो. डिसेंबरची थंडी होती, कुणीतरी चहाचा थर्मास आणायचं.

कबरी मात्र पिंजऱ्याला बधेना. पायपट्टीच्या अलीकडे मान लांब करून मासा ओढायची आणि पसार व्हायची. तिच्यासाठी केंद्राने वरून पडणारा पिंजरा दिला: मोठी जाळीची चौकट एका काठीवर तिरपी उभी, काठीला दोरी, दोरीचं टोक आपल्या हातात. मांजर पूर्ण आत येऊन खाली मान घालून खायला लागलं की दोरी ओढायची. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या मुलाने ओढली. पाचव्या रात्री. चौकटीवर लगेच चादर टाकून बाजूच्या दारातून तिला नेहमीच्या पिंजऱ्यात घेतलं. तीन वर्षांत सहा वेळा व्यायलेली ही कबरी. ती पकडली गेली त्या दिवशी अर्धं काम संपलं असं मला वाटलं.

भाट्या आधी का, हेही सांगते. एक बोका राहिला तरी तो सगळ्या भाट्यांना पुरतो. चार बोक्यांची नसबंदी करून एक उरला तर पिल्लांत काडीचा फरक पडत नाही. भाटीचं तसं नाही, जितक्या भाट्या झाल्या तितकी बाळंतपणं थांबली. मांजरीची गर्भावस्था त्रेसष्ट ते पासष्ट दिवसांची. पिल्लं दूध पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. चार महिन्यांचं पिल्लूही माजावर येऊ शकतं. थंड देशांत दिवस लहान झाले की मांजरी काही महिने थांबतात, आपल्याकडे मुंबईत बारा महिने ऊन. आपण “मांजर पिल्लांना सात घरं फिरवते” म्हणतो, पण सातव्या घरी पोचेपर्यंत तिच्या पोटात पुढची खेप असते.

केंद्रातलं थिएटर मी आत जाऊन पाहिलं. पहिल्या दिवशी नुसती चौकशी केली, दुसऱ्या खेपेला मी कोण ते सांगितल्यावर डॉक्टर म्हणाल्या, “या सिस्टर, बघा.” मी जे बघितलं ते तुम्हीही विचारू शकता. प्रत्येक मांजराचं वजन पिंजऱ्यासकट करून पिंजऱ्याचं वजा करत होते. भूलेचा डोस वजनावरच ठरतो, अंदाजाने दिला तर अडीच किलोची भाटी उठत नाही. उपाशी ठेवण्याचे तास विचारले: मोठ्यांना रात्रीपासून, लहानांना मात्र फक्त दोन-चार तास, कारण पिल्लाच्या रक्तातली साखर झटकन उतरते. एका बाजूने सरकणाऱ्या दाबपिंजऱ्यात मांजराला हलकेच कडेला घेऊन बाहेरूनच इंजेक्शन देत होते, कुणी मानेला धरून ओढत नव्हतं. केटामाइनच्या भुलेत मांजराचे डोळे उघडेच राहतात, म्हणून डोळ्यांत मलम घालावं लागतं. ते घातलं होतं. प्रत्येक मांजराला वेगळं निर्जंतुक केलेलं साहित्य. हे बघून मला माझा जुना वॉर्ड आठवला. एकच कात्री स्पिरिटमध्ये बुडवून दहा जणींना वापरणारी शिबिरंही मी माझ्या आयुष्यात पाहिली आहेत, ती माणसांची होती.

भाटीला कुशीतून छेद देतात, दोन सेंटिमीटरसुद्धा नसेल. पाजणाऱ्या मांजरीला हा छेद बरा, कारण दुधाच्या ग्रंथी पोटाखाली असतात आणि जखम त्यांच्यापासून लांब राहते. टाके आतल्या आत विरघळणारे. भटक्या मांजराला दहा दिवसांनी टाके काढायला कोण पकडून आणणार? बोक्याचं काम काही मिनिटांचं.

मला सर्वांत आवडली ती त्यांची ऑपरेशननंतरची खोली. ऑपरेशन करणारे हात मुंबईत पुष्कळ आहेत. भुलेतून उठणाऱ्या मांजराजवळ बसणारं माणूस मिळत नाही. मांजराच्या अंगाचं तापमान अडतीस-एकोणचाळीस अंशांच्या आसपास असतं, भुलेत ते भराभर उतरतं. त्यांनी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून प्रत्येकीच्या पाठीशी ठेवल्या होत्या. एक मदतनीस मुलगी दर थोड्या वेळाने हिरड्यांचा रंग बघत होती, गुलाबी की फिक्या. कुणी सांगितल्याशिवाय. मी तिला विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, “इथेच. एकदा एक मांजर गेलं माझ्यासमोर, तेव्हापासून बघते.” त्या मुलीसाठी मी पाचपैकी सहा गुण दिले असते.

आता जे लिहायला जड जातंय ते.

त्यांच्या अर्जात एक ओळ आहे: गर्भ असल्यास शस्त्रक्रिया करावी की करू नये. लंगडीच्या अर्जावर ती ओळ वाचून माझा हात थांबला. बावीस वर्षं मी बाळं हातात घेतली आहेत. लंगडी नुकतीच गाभण होती, तीनेक आठवड्यांची असावी असं डॉक्टर म्हणाल्या. त्या मला काही सुचवत नव्हत्या, फक्त थांबल्या होत्या. मला त्या वर्षीचा पावसाळा आठवला. लंगडीची पाच पिल्लं टेम्पोखाली होती. एक चाकाखाली गेलं, एक गटारात. उरलेली तीन डोळ्यांत पू होऊन एकेक करून गेली आणि ती मी प्लास्टिकच्या पिशवीत भरून उचलली. मी “करावी” वर खूण केली. बरोबर केलं का, असं मला आजही कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, पण विचारण्याआधी जरा थांबा म्हणेन. ज्यांना ते जमणार नाही त्यांना मी दोष देत नाही. केंद्राने ही निवड माझ्यापुढे ठेवली, परस्पर उरकली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

साय नावाच्या भाटीची गोष्ट वेगळी. ती पकडली तेव्हा दिवस भरत आले होते, पोटात हालचाल हाताला लागत होती. डॉक्टरांनीच सांगितलं, आता नको. मी तिला घरी आणलं, न्हाणीघरात खोका ठेवला. जानेवारीत चार पिल्लं झाली. तिसऱ्या आठवड्यापासून मी आणि इमारतीतली मुलं त्यांना रोज हातात घ्यायचो. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला तर पिल्लू माणसाळतं, तो काळ निसटला की मग ते फार अवघड होतं. चारही पिल्लांना घरं मिळाली: एक माझ्या जुन्या वॉर्डातल्या आयाबाईंकडे भांडुपला, एक मावशींकडे, दोन ठाण्याला एकाच घरी. पिल्लं सुटल्यावर मार्चमध्ये सायचं ऑपरेशन झालं. ती शेवटची.

डॉक्टरांनी मला तेव्हा फ्लोरिडातल्या एका विद्यापीठाच्या आवाराचं उदाहरण दिलं होतं. तिथे १९९१ पासून हेच काम चाललं. १९९६ मध्ये मोजली तेव्हा अडुसष्ट मांजरं होती, २००२ मध्ये तेवीस राहिली. आणि त्या सगळ्या वर्षांत तिथल्या मांजरांपैकी जवळजवळ निम्म्यांना घरं मिळाली होती. म्हणजे नुसत्या नसबंदीने आकडा खाली येत नाही, माणसाळणारी पिल्लं वेळेत घरी लावावी लागतात. कुणी तुम्हाला सहा महिन्यांत मांजरं नाहीशी होतील असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तेरा झाली, चौदावा खंडू. म्हातारा बोका, गालावर चावल्याचं गळू, तोंडात फोड, अंगावर फक्त हाडं. डॉक्टरांनी त्याला भूल द्यायला नकार दिला, पण परत पाठवला नाही. नऊ दिवस ठेवून गळू साफ केलं, मऊ खाणं घातलं, पैसे मागितले नाहीत. बोके एकमेकांना चावतात त्यातून त्यांच्यात एक विषाणू पसरतो, तो प्रतिकारशक्ती खाऊन टाकतो. माणसाला तो होत नाही. खंडूने जूनमध्ये पहिल्या पावसात मीटरच्या खोलीत जीव सोडला, पाठीखाली माझं जुनं पातळ होतं.

आता कापलेला गुण. काळीला गाडीने परत आणलं तेव्हा चालकाने तिला आमच्याऐवजी दुसऱ्याच इमारतीच्या फाटकाशी सोडलं. वसाहतीत इमारतींचे क्रमांक सारखेच वाटतात हे खरं. पण मांजर म्हणजे पार्सल नव्हे. जिथून उचललं तिथेच सोडायचं हा या कामाचा कणा आहे. अनोळखी जागेत तिथली मांजरं तिला फाडतात, ती रस्ता ओलांडायला बघते, खाणं कुठे मिळतं ते तिला ठाऊक नसतं. ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेली भाटी, आणि मी चार रात्री बॅटरी घेऊन सुकट हलवत हाका मारत फिरले. पाचव्या सकाळी ती टाकीवर बसलेली दिसली. मी केंद्रात जाऊन बोलले. मोठ्या आवाजात बोलले, त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यानंतर ते प्रत्येक पिंजऱ्याला सोडायच्या जागेचा छापील फोटो बांधू लागले. पुढच्या आठ मांजरांच्या वेळी चूक झाली नाही.

दुसरी तक्रार कागदाची. काय औषध दिलं, कधी दिलं, जखम कशी दिसली तर घाबरायचं, यातलं काहीच पहिल्या खेपेला लिहून मिळालं नाही. एकतीस वर्षांत डिस्चार्जच्या कागदाशिवाय मी एकही पेशंट वॉर्डाबाहेर जाऊ दिला नाही. माणसांना माहीत नसतं म्हणून ती काहीबाही करतात. सुंदरी परत आली तेव्हा जरा मलूल होती, तर खालच्या काकूंनी दुधात पॅरासिटामॉलची गोळी कुस्करली होती. नशिबाने मी तिथे पोचले. ते औषध मांजराचं यकृत पचवू शकत नाही, एक गोळीसुद्धा जीव घेते. हे मोठ्या अक्षरांत छापून प्रत्येक पिंजऱ्यासोबत द्यायला हवं. मी मराठीत लिहून दिलं, आता ते देतात. फोन मात्र अजून तिसऱ्या-चौथ्या वेळी उचलतात.

बोक्यांबद्दल एक सूचना. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वास आणि भांडणं थांबतील अशी आशा धरू नका. अंगातले जुने संप्रेरक उतरायला काही आठवडे जातात, तेवढे दिवस तो गाभणही करू शकतो. आमच्या जिन्यातला वास दोन महिन्यांनी गेला. धुणं आम्हीही केलं, पण आधीच्या वर्षी धुऊनही जात नव्हता.

आज वहीत अकरा नावं शिल्लक आहेत, मनी धरून बारा. खंडू गेला, एक भाटी सर्व्हिस रोडवर गाडीखाली आली, एक बोका मासळीबाजाराकडे राहायला गेला, तो तिथे सुखी आहे असं मावशी सांगतात. सगळ्यांची अंगं भरली आहेत. कबरीच्या पाठीचे मणके दिसायचे, आता दिसत नाहीत. रात्री मी खिडकी उघडी ठेवून झोपते.

सभेत एकदा पुन्हा विषय निघाला, खाणं टाकीपाशी घालू नका म्हणून. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या जनावरांच्या खाण्याची जागा आणि वेळ रहिवाशांनी मिळून ठरवावी असं आहे. आम्ही ठरवली: टाकीमागे, साडेसात ते आठ, नंतर भांडी उचलून जागा धुवायची. आजींनी ते काम आपणहून घेतलं आहे.

गेल्या महिन्यात एक नवीन बोका आला आहे, तांबडा, गाल फुगलेले, दोन्ही कान अखंड. केंद्राची तारीख मिळाली आहे, पुढचा शुक्रवार. गुरुवारी संध्याकाळी मागच्या बाजूला कुणी काही घालू नका. सुकट भाजून ठेवली आहे, पिंजऱ्याच्या दाराला तेल लावलं आहे, आणि त्या मुलाची परीक्षा आहे म्हणून बसायला अजून एक माणूस हवं आहे. विक्रोळीत राहणाऱ्या कुणाला यायचं असेल तर कन्नमवार नगरात सिस्टर कुठे राहतात म्हणून विचारा.